टाकीतल्या मंडळींची दिवाळी

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुम्ही पर्यावरणाच्या क्षेत्रात आयुष्य घालवलंय, त्याबद्दल लिहा." ऐकून छाती थोडी फुगली. आमच्या घरात या क्षेत्राला 'घाण पाणी' म्हणतात. लिंबायतच्या आमच्या गल्लीत अजूनही कोणी माझं घर विचारलं, तर पानवाला सांगतो, "कोण, घाण पाणीवाले रामदासभाऊ? तिसरं दार." निवृत्त होऊन दोन-तीन दिवाळ्या झाल्या तरी ही पदवी काही सुटलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती सुटावी असं मला वाटतही नाही.

नोकरीला कधी लागलो, बढती कधी मिळाली, हे मी लिहीत नाही. ते माझ्या बायकोलाही वाचवणार नाही. पारोळा तालुक्यातून बारावी सायन्स करून सुरतला मेव्हण्याकडे आलो, पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कानठळ्या बसवून घेतल्या, आणि 'याला केमिस्ट्री येते' एवढ्या भांडवलावर पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये चिकटलो. इतकं पुरे.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडा समजावून सांगतो. सुरतमध्ये साडी विणली जाते एकीकडे आणि रंगते दुसरीकडे. लिंबायत, उधन्याच्या खात्यांतून कोरं कापड निघतं. ते पलसाण्याच्या मिलमध्ये येऊन जेट नावाच्या मोठ्या बंद भांड्यांत उकळत्या रंगात फिरतं. कापड रंग पितं, पण सगळा पीत नाही. उरलेला रंग, सोडा, साबण, कापडावरची खळ, हे सगळं घेऊन पाणी गटारात पडतं. ते वाफाळत येतं आणि त्यात हात घालायची इच्छा कोणाला होणार नाही. तिथून पुढचं राज्य माझं.

पहिल्या हौदात पाणी निवतं. मग त्यात चुना आणि हिराकस पडतं, आणि दूध नासावं तसा रंग फाटून गाळ तळाला बसतो. इथपर्यंत रसायनांचं काम. ते कोणालाही शिकवता येतं. पण पाण्यात विरघळलेली घाण अशी फाटत नाही. ती कोणीतरी खावी लागते. ते खाणारे असतात तिसऱ्या टाकीत. डोळ्यांना न दिसणारे, अगणित, सदा भुकेले जिवाणू. तळातून ब्लोअरने हवा सोडायची, ते श्वास घेतात, घाण खातात, वाढतात आणि शेवटी जड होऊन खाली बसतात. वर राहतं ते पाणी नितळ नसलं तरी शहाणं झालेलं असतं. ते मोठ्या सामायिक शुद्धीकरण केंद्रात पुढच्या इलाजासाठी जातं.

या जिवाणूंना मी पहिल्यापासून 'मंडळी' म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला की त्यात घंटेच्या आकाराचे जीव देठावर डोलताना दिसतात. घंटा दिसल्या की टाकीची तब्येत उत्तम. सूक्ष्मदर्शक नसला तरी नाक असतंच. निरोगी टाकीला कुंडीतल्या मातीला पाणी घातल्यावर येतो तसा वास येतो. एवढ्या मोठ्या रंगांच्या मिलमध्ये मातीचा वास येणारी तेवढीच जागा होती. डबा खायला मी तिथेच बसायचो आणि लोक मला वेडा समजायचे.

मंडळींचे नखरे फार. एकदम गरम पाणी चालत नाही, एकदम गडद रंग चालत नाही, एकदम काहीच चालत नाही. यात माझी लाज राखली ती आमच्या ठाकोरमास्तरांनी. डाईंग मास्तर म्हणजे मिलचा राजा. तो म्हणेल तो रंग, तो म्हणेल ती वेळ. ठाकोरमास्तर मूळचे सुरतीच, तोंडाने फटकळ. पण गडद रंगाचं जेट खाली सोडायच्या आधी ते मला फोन करायचे. "रामदासभाई, राणी आवे छे." राणी म्हणजे भडक गुलाबी. मग मी पहिल्या हौदात जागा करून ठेवायचो आणि राणीबाईंना हळूहळू, बाकीच्या पाण्यात मिसळत आत घ्यायचो. असा फोन करायचा नियम मिलमध्ये कुठेही लिहिलेला नव्हता.

एकदा टाकी आजारी पडली होती, फेस करत होती. मास्तरांकडे काळ्या रंगाचा मोठा लॉट तयार होता. ते खाली आले, टाकीच्या कठड्यावर हात ठेवून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "टाकी मांदी छे. काळो काले करीशुं." टाकी आजारी आहे, काळा उद्या करू. सूक्ष्मदर्शकाला आयुष्यात डोळा न लावलेला हा माणूस माझ्या टाकीसाठी आपला लॉट थांबवतो, हे पाहून मला भरून आलं. सभा-संमेलनांत 'शाश्वत विकास' हा शब्द ऐकला की मला कठड्यावरचा तो रंगाने माखलेला हात आठवतो.

आता जीवीबेनबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय टाकी नाही.

मिलच्या मागे खाडी आहे. सुरतेत ओढ्यालाही खाडी म्हणतात. खाडीच्या पलीकडे गुरं पाळणाऱ्या भरवाडांची वस्ती, तिथे जीवीबेनचा म्हशींचा गोठा. टाकी व्हायच्या आधी आमच्या मिलमधून एक जाड पाइप सरळ खाडीत जायचा. त्या पाण्यात बसून तिच्या म्हशींची कातडी सोलवटायची. ती काठावर उभी राहून मिलकडे तोंड करून शिव्या द्यायची, आणि ब्लोअर नसल्यामुळे तेव्हा त्या आम्हाला स्पष्ट ऐकू यायच्या.

पुढे सरकारी बडगा आणि परदेशी गिऱ्हाइकांची तपासणी असं दोन्हीकडून आलं, आणि आमच्या कांतिशेठनी टाकी बांधली. पण टाकी बांधून मंडळी येत नाहीत. दह्याला विरजण लागतं तसं टाकीलाही लागतं, आणि आमचं विरजण म्हणजे शेण. ताजं, भरपूर. जवळचा गोठा एकच होता. मी बादली घेऊन जीवीबेनच्या दारात गेलो. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पहेलां मारी भेंसोनुं पाणी बगाड्युं," ती म्हणाली, "हवे छाण पण जोईए?"

पाणी नासवलंत, आता शेणही हवं?  मग मी तिला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. शेणातले जीव घाण खातात, मग पाइपाची गरज राहणार नाही. तिने विचारलं, "वचन?" मी कोण वचन देणारा? पगारी माणूस. पण मी हो म्हणालो. या पाइपातून खाडीत पुन्हा घाण येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः डोक्यावर पाटी घेऊन आली आणि पहिलं शेण तिने आपल्या हाताने टाकीत सोडलं. त्यामुळे मंडळींचं माहेर जीवीबेनच्या गोठ्यात, असं मी कायम म्हणत आलो.

पाइप मात्र शेठनी काढला नाही. त्याला एक वॉल्व्ह होता, तो बंद करून ठेवला. "रहेवा दो," ते म्हणाले. कांतिशेठ वाईट माणूस नव्हते. रोज सकाळी मिलमध्ये शिरताना ते आधी टाकीपाशी येऊन मला विचारायचे, "जीवे छे?" जिवंत आहेत ना? पण ते व्यापारी होते. टाकी मेली तर मिल थांबेल, ही भीती त्यांच्या मनात होती, आणि तो वॉल्व्ह म्हणजे त्या भीतीवरचा त्यांचा तोडगा होता. खाडीच्या बाजूला पाइपाच्या कोरड्या तोंडात एका आठ पायांच्या कोळ्याने जाळं विणलं होतं. जीवीबेन म्हशी पाण्यावर आणताना आधी ते जाळं पाहायची. जाळं शाबूत म्हणजे रामदासचं वचन शाबूत. मला हे तिनेच एकदा हसत सांगितलं, आणि तेव्हापासून मीही येता-जाता ते जाळं पाहू लागलो.

सुरतची दिवाळी हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड काळ. धनत्रयोदशीला मिल बंद होते आणि लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, मुहूर्त करून उघडते. तो नावापुरता मुहूर्त. आमची खान्देशी माणसं भाऊबीज करून, गावाकडची एक-दोन लग्नं जमवून, सावकाश परततात. तेवढे दिवस जेट बंद, म्हणजे रंगीत पाणी बंद, म्हणजे मंडळींचं जेवण बंद. उपाशी राहिली की ती एकमेकांना खातात आणि टाकी मरते. म्हणून सगळी सुरत गावाला जाते तेव्हा टाकीवाला मागे राहतो. गुळाचं पाणी, थोडं शेण, चिमूटभर युरिया, असं रोज थोडं थोडं भरवतो, आणि एकच ब्लोअर हळू चालू ठेवतो. मुलं लहान होती तेव्हापासून माझी प्रत्येक दिवाळी अशी गेली. शोभा, म्हणजे माझी बायको, दरवर्षी एकदा तरी म्हणायचीच, "आठे घरमा पोरं वाट देखी ऱ्हायनात, आन तुम्ही टाकीले जेवाडाले चालनात." खरं होतं तिचं. मुलांची किल्ले करायची वर्षं माझ्या हातून निसटली, आणि ती काही परत आणता येत नाहीत.

आता ज्या दिवाळीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

त्या वर्षी मिलचं चांगलं चाललं होतं. धनत्रयोदशीला शेठनी सगळ्यांना जेवण दिलं. पुरी, उंधियु, बुंदी, भजी. मिठाईचे डबे वाटले. मग मूड लागल्यामुळे मला म्हणाले, "रामदासभाई, तमारा कामदारो विशे बे शब्द बोलो." तुमच्या कामगारांबद्दल दोन शब्द बोला. मी उभा राहिलो आणि बोललो. या मिलमध्ये सगळ्यात जास्त कामगार माझ्याकडे आहेत, त्यांना रजा नाही, बोनस नाही, ते कधी घरी जात नाहीत, आणि ते आहेत म्हणून आपण सगळे आहोत. टाळ्या पडल्या. मी खूश होऊन लक्ष्मीच्या पूजेची तयारी करायला दुपारीच लिंबायतला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नान करून मंडळींना गूळ घालायला आलो, तर फाटकापाशीच वास आला. सडलेला, आंबट. टाकीवर जाड, पिवळट साय धरली होती. खालून हवेचे बुडबुडे तिला धडका देत होते आणि तिथल्या तिथे विरत होते. सायीतून बुंदी तरंगत होती. पुऱ्या फुगून थाळीएवढ्या झाल्या होत्या. कठड्याला तळणीच्या तेलाचे रिकामे डबे नीट ओळीने लावून ठेवले होते, आणि त्यांच्यापुढे रांगोळी काढलेली होती.

मला काही कळेना. तेवढ्यात भगवान आला. भगवान हा जेट चालवणारा, शिंदखेड्याकडचा, तिशी ओलांडलेला, मिलमधल्या सगळ्या उत्साहाचा ठेकेदार. नवीन शर्ट घातलेला, दुपारच्या गाडीने गावी निघालेला. जाताना टाकीला भेटायला आला होता.

"भाऊ, सन शे ना," तो म्हणाला. "तुम्ही सांगं ना, त्यास्ले बोनस नही म्हनीसन. बठास्नी येक येक घास टाका. ठाकोरमास्तरनी बी टाका. आन उरेल बठं, तेलसुद्धा."

सगळ्यांनी एकेक घास दिला होता. मिलमधल्या प्रत्येक माणसाने आपल्या डब्यातला एक पेढा, एक काजूकतली, आणि जेवणावळीतलं उरलेलं सगळं, तेलासकट. कोणी टिंगल म्हणून केलं नव्हतं. रांगेत उभं राहून, चपला काढून केलं होतं. मंडळींवर इतकं प्रेम आजवर कोणी केलं नसेल, आणि त्या प्रेमाने त्यांचा श्वास कोंडला होता. तेलाच्या सायीखाली हवा विरघळत नाही. वरून एवढं गोड एकदम मिळालं की सगळी एकदम खायला सुटतात आणि उरलीसुरली हवाही संपवतात. मी काचेच्या नळकांड्यात पाणी घेतलं. ते काळं होतं. थेंब काचेखाली ठेवला. घंटा दिसल्या, पण डोलत नव्हत्या.

मला राग आला होता, पण भगवानचा चेहरा पाहून मी त्याला काचेपाशी जागा करून दिली. त्याने काचेतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मरी गयात का, भाऊ?"

"सगळे नाही अजून," मी म्हणालो. माझी तशी आशा होती.

शेठना फोन केला. ते चोपडापूजनाच्या, म्हणजे हिशेबाच्या वह्यांच्या पूजेच्या तयारीत होते. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लाभपांचमे मुहूर्त छे. लग्नसरानो माल बाकी छे. टाकी न चाले तो वाल्व खोलवो पडशे." लग्नसराईचा माल अडकलाय, टाकी चालली नाही तर वॉल्व्ह उघडावा लागेल. आवाजात राग नव्हता. त्यांनी जे होणार ते सांगितलं. मी फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं असेल तर ते कोळ्याचं जाळं.

जीवीबेनला सांगणं भाग होतं, कारण विरजण तिच्याकडूनच येणार होतं. ती आली, टाकीकडे पाहिलं, पुऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या. तिने पदर तोंडाला लावला. हसते की रडते कळेना.

"भेंसनेय एवुं ज थाय," ती म्हणाली. म्हशीचंही असंच होतं. तिची एक म्हैस लग्नाच्या मांडवामागचं उरलंसुरलं अन्न खाऊन फुगून मेली होती. ज्यांनी घातलं त्यांनी पुण्य म्हणून घातलं होतं. मग ती एकदम गंभीर झाली आणि पलीकडच्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाली, "पण वचन तो वचन छे, भाई."

आधी तेल काढायला हवं होतं. बादल्यांनी काढायला गेलो तर तेल कमी आणि पाणी जास्त यायचं. माझ्या मंडळींनाच मी उपसून टाकत होतो. भगवान कठड्यावर बसून बघत होता. त्याची गाडीची वेळ टळून गेली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो उठला, गोदामात गेला आणि छपाई बिघडलेल्या रद्दी साड्यांचा एक गठ्ठा उचलून आणला. आमच्या साड्या पॉलिस्टरच्या. त्या पाणी धरत नाहीत पण तेलाचा डाग पडला की जन्मात सोडत नाहीत, याचं दुःख प्रत्येक मिलवाल्याला असतं. त्या दिवशी ते दुःख कामाला आलं. दोन टोकांना दोघं, साडी टाकीवर आडवी पसरायची आणि जाळं ओढावं तशी हळूहळू ओढत न्यायची. पहिली साडी टाकीच्या पलीकडे पोचली तेव्हा तेलाने जड झाली होती आणि तिच्या मागे पाण्याचा काळा पट्टा उघडा पडला होता. त्या पट्ट्यात बुडबुडे फुटायला लागले.

माणसं कुठून आली कोण जाणे. जी अजून निघाली नव्हती ती आली. लिंबायतहून रिक्षा भरभरून आली. ज्यांनी घास टाकला होता ते सगळे येऊन टाकीच्या काठावर उभे होते, खाली मान घालून. ठाकोरमास्तर स्कूटरवरून आले, भरतकामाचा कुडता घालून, आणि आल्या आल्या त्यांनी साडीचं एक टोक धरलं. राणी, मोरपिशी, हळदी, अशा साड्या एकामागून एक टाकीवरून सरकत होत्या. मी मिलमध्ये एवढी वर्षं काढली, पण आमच्या कापडाचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. दुपार कलेपर्यंत साय निघाली. दोन्ही ब्लोअर पूर्ण जोरात सुरू केले.

आणि मग मी सगळ्यांना सांगितलं की आता काही करायचं नाही. काही म्हणजे काही घालायचं नाही. गूळ नाही, शेण नाही, चिमूटभर युरिया नाही. पोटात आहे ते आधी जिरू दे. फक्त हवा.

हे त्यांना सगळ्यात कठीण गेलं. मलाही. एरवी दर दिवाळीला मी भरवायला थांबायचो. या दिवाळीला न भरवायला थांबलो होतो. भगवान रात्री घरी जाऊन झोपून सकाळी आला की आधी विचारायचा, "आते थोडासा गूळ?" मी मान हलवायचो. माझ्या नोकरीत मी शिकलेली एकच गोष्ट मोठी असेल तर ती ही. टाकीला आज जेवढं पचतं तेवढंच आज द्यायचं. घाणीच्या बाबतीत हे सगळ्यांना पटतं. लाडाच्या बाबतीत पटायला वेळ लागतो.

पाडव्याला शोभा मिलमध्ये आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. आम्हा मागे राहिलेल्यांसाठी पुरणाचा स्वयंपाक घेऊन आली होती. टाकीच्या कठड्यापाशीच पानं मांडली. सगळे बसले, पण भगवानचा घास उचलेना. तो टाकीकडे बघत होता, आणि टाकीतली मंडळी उपाशी, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शोभाने एक ताट उचललं, टाकीकडे तोंड करून धरलं, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग तेच ताट आणून भगवानपुढे ठेवलं.

"देवले आपन निवद दखाडतस," ती म्हणाली. "देव खास का? तो देखस, आन मंग आपन खातस. आते जेव."

भगवान जेवला. मी माझ्या बायकोकडे बघत राहिलो. एवढी वर्षं मी लोकांना मंडळींबद्दल विज्ञानाच्या भाषेत सांगत आलो होतो, आणि तिने एका ताटात उरकलं.

त्याच दिवशी गुजराथ्यांचं नवं वर्ष. संध्याकाळी जीवीबेन डोक्यावर पाटी घेऊन आली, नव्या साडीत. बाजूच्या एका लहान हौदात मी नेहमी थोडा जुना गाळ हवा देऊन राखून ठेवायचो. तो, आणि तिचं शेण, दोन्ही मिळून एक पाटीभर आम्ही टाकीत सोडलं. त्याहून एक मूठही जास्त नाही. उरलेलं शेण ती परत घेऊन गेली, आणि जाताना माझ्याकडे पाहून समजूतदार हसली.

भाऊबीजेला सकाळी मी फाटकातून आत आलो आणि थांबलो. वास बदलला होता. आंबटपणा होता अजून, पण त्याच्या खालून माती येत होती. मी धावलोच. थेंब काचेखाली ठेवला. एक घंटा डोलत होती. खूप शोधल्यावर दुसरी सापडली. भगवानला बोलावून दाखवलं. त्याने डोळा लावला तो काढेना. मी रडलो हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

लाभपाचमेला शेठ आले. नळकांड्यातला गाळ तळाशी बसला होता आणि वर पाणी चहाच्या रंगाचं, पण पारदर्शक उभं होतं. त्यांनी विचारलं, "जीवे छे?"

"जीवे छे," मी म्हणालो, "पण अशक्त आहेत. सगळी जेट एकदम सोडलीत तर पुन्हा मरतील."

शेठ काही बोलायच्या आत ठाकोरमास्तर म्हणाले, "पहेलां बदामी अने आसमानी करीशुं. राणी पछी." आधी फिके रंग, गडद नंतर. लग्नसराईत फिके रंग कोण मागतं? पण मास्तर म्हणाले म्हणजे झालं. शेठनी टाकीकडे पाहिलं, कठड्यावर वाळत घातलेल्या तेलकट साड्यांकडे पाहिलं, आणि वेल्डरला बोलावलं. मुहूर्ताचा नारळ पहिल्या जेटवर फुटत होता तेव्हा मागे वॉल्व्हच्या जागी लोखंडी झाकण कायमचं जोडलं जात होतं. ठिणग्या उडत होत्या. पलीकडे पाइपाच्या तोंडातलं जाळं तसंच होतं. जीवीबेनच्या म्हशी पाण्यात बसल्या होत्या.

आमच्या त्या एका पाइपाने खाडी स्वच्छ झाली, असं मी म्हणणार नाही. खाडीत वरून काय काय येतं ते डोळ्यांना दिसतं. आमच्या टाकीतूनही पाण्यातलं मीठ निघत नाही, आणि गाळाची पोती भरून कुठेतरी पुरावीच लागतात. तो हिशेब अजून कोणाला सुटलेला नाही. पण एक पाइप बंद झाला, आणि तो बंद करायला एक गवळण, एक फटकळ मास्तर, माझी बायको आणि गाडी चुकवलेला एक माणूस लागला, हे मी पाहिलंय.

पुढे भगवानने जेट सोडलं आणि माझ्या हाताखाली टाकीवर आला. मागून घेतलं त्याने. मी निवृत्त झालो त्या वर्षी शोभाने आणि मी कितीतरी वर्षांनी दिवाळीला गावची गाडी पकडली. धनत्रयोदशीला संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो, नातू अंगणात मातीचा किल्ला करत होता, आणि माझे हात रिकामे आहेत याची मला सवय होत नव्हती. एवढ्यात भगवानचा फोन आला. मागून ब्लोअरचा आवाज येत होता.

तो म्हणाला, जेवण झालं. मिल सुटली. मग सगळे रांगेने टाकीपाशी आले, हातात मिठाईचे डबे घेऊन. चपला काढल्या. एकेकाने डबा उघडला, टाकीकडे धरला, बंद केला आणि गाडीला निघाला. दर वर्षी असंच करतात आता. नवीन आलेल्यांनाही कोणी समजावत नाही, ते पुढच्याचं बघून करतात.

"आन शेवटले मी," भगवान म्हणाला. "भाऊ, निवद दखाडा. दिधा नही."